तिसऱ्यांचा तळ

मोरीचं पोट फाडण्याआधी मला हाक मारा, असं मी बाबल तांडेलाला सांगून ठेवलं होतं. सांगताना माझे कान लाल झाले होते. पण तांडेल विसरला नाही. मी त्याच्याकडेच उतरलो होतो; सकाळी त्याच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, दात घासत उभा होतो, तेवढ्यात किनाऱ्यावरून त्याचा आवाज आला.

"वर्तक मास्तर! येवा बेगीन! पावणी वाट बघता हा तुमची!"

तोंड तसंच पुसत मी धावलो. देवखोलच्या वाळूत अर्धा गाव गोळा झाला होता आणि मधोमध ती पाहुणी पडली होती. शार्क माशाला तिकडे मोरी म्हणतात. ही चांगली वल्ह्याएवढी लांब होती. त्या दिवसांत मोऱ्या पिलं सोडायला खाडीच्या तोंडाशी येत आणि तांडेलाची माणसं नेमकी तिथं गळ टाकून बसत. मोरीच्या लिव्हरच्या तेलाला तेव्हा मागणी होती.

तांडेलानं सुरी सरळ माझ्याच हातात दिली. मी एक पाऊल मागं सरलो.

"मास्तर, मेलेली हा ती," कुणीतरी म्हणालं. "चावूची नाय."

पोटात अर्धवट विरघळलेलं मांस होतं, आणि त्यात करवतीसारख्या कडांचे दोन चपटे काटे. मी ते पाण्यात धुऊन उन्हाकडे धरले.

"काय गावला?" पुंडलिकानं विचारलं. रापणीचा मोठा दोर तो सांभाळायचा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून शंभर हातांनी ओढायचं लांबलचक जाळं, आणि तांडेल म्हणजे तिचा म्होरक्या. तांडेलाच्या खालोखाल गावात पुंडलिकाचा शब्द चाले. "आंगठीबिंगठी हा काय?"

"काटा आहे. वागळीच्या शेपटीचा. आणि हा बघा, जबड्यात आणखी एक रुतलाय. जुना दिसतो."

"मगे? मोरी वागळी खातली नाय तर काय उकडे तांदूळ खातली?"

सगळे हसले. मीही हसलो. अशा वेळी मला दुसरं काही सुचत नसे. वागळी म्हणजे पाकट, वाळूवर घोंगडीसारखा पसरून बसणारा चपटा मासा. मी काटे रुमालात बांधले आणि तांडेलाच्या बायकोच्या, भामकाकीच्या, मागोमाग चालू लागलो. तिच्या डोक्यावर रिकामी पाटी होती. सुकती लागली होती, म्हणजे ओहोटी सुरू झाली होती, आणि तिला तळावर जायचं होतं.

मी मूळचा वाईचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा विशीत होतो, आणि पोहायला मला आजही येत नाही. अशा माणसानं समुद्राच्या तळाचा अभ्यास करायला निघावं हा आमच्या सरपोतदार सरांचा विनोद होता की विश्वास, हे मला कधी कळलं नाही. मुंबईच्या एका कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. त्यांनी मला एक प्रश्न देऊन पाठवलं होतं. गुडघाभर पाण्याखालच्या तळावर कोणकोणते प्राणी राहतात हे पुस्तकांत होतं. पण तिथं कोणी राहायचं आणि कोणी नाही, हे कोण ठरवतं? चिखल, वाळू, पाण्याचा खारेपणा हे ठरवतात, की खाणारी तोंडं?

देवखोलच्या खाडीच्या तोंडाशी असा एक रुंद, उथळ तळ होता. तो बायकांचा. तिथं त्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढत. पायाच्या अंगठ्यानं वाळू चाचपायची, कवच लागलं की वाकून बोटांनी उकरायचं. बाजारात तिसऱ्या विकून आलेल्या पैशांचं काय करायचं हे त्यांना घरात कुणाला विचारावं लागत नसे. गावच्या रापणीनं सगळा किनारा खरवडला तरी त्या तळावरून जाळं ओढायचं नाही, असा रिवाज होता. फक्त त्याला एक अट होती. माघी पुनवेला गावातल्या बायकांनी एका सुकतीत, आपल्या हातांनी, त्या तळावरच्या तिसऱ्यांनी देवचाराचा तांब्याचा हंडा काठोकाठ भरायचा. त्याचं गावजेवण व्हायचं. देवचार हा खाडीचा राखणदार. ज्या वर्षी हंडा भरणार नाही, त्या वर्षापासून तळ रापणीचा. आणि रापणीच्या खालच्या दोराची वजनं एकदा तळावरून फरफटत गेली की पुढं तिथं तिसऱ्याच काय, किडाही राहणार नाही, हे पुरुषांनाही ठाऊक होतं.

सासूच्या पश्चात बायकांचं पुढारपण भामकाकीकडे आलं होतं. आणि तिच्याच हाताखाली तळ ओस पडत चालला होता.

"वरच्या बंधाऱ्यान केल्यान ह्या," ती म्हणायची. "गोडा पाणी सोडतत. तिसरेक गोडा सोसत नाय."

मी पाणी बाटल्यांत भरून खारेपणा मोजला होता. तो काही फारसा बदललेला नव्हता. पण तसं म्हटलं की ती माझ्याकडे दया आल्यासारखी बघायची, आणि मलाही वाटायचं, माझं मोजमापच चुकलं असेल.

मी तळावर बांबूच्या चौकटी रोवल्या होत्या. काहींवर वरून आणि बाजूंनी जाळं बांधलेलं. म्हणजे वागळी, मोठ्या कुर्ल्या म्हणजे खेकडे, मासे, कुणीच आत येऊ नये. काही चौकटी नुसत्याच, जाळं नसलेल्या. पहिल्या दिवशी भामकाकी बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ह्या पिंजऱ्यात काय ठेवलंस, झिला?"

"काही नाही. आत कुणी जाऊ नये म्हणून जाळं आहे."

"आनि ह्या बिनजाळ्याच्यात?"

"त्यातही काही नाही."

"मगे तो कित्याक ठेवलंस?"

"काहीच केलं नाही तर काय होतं, ते बघायला."

"अगे बाये!" ती मागं वळून ओरडली. "गो आबोले, आयकलंस? काय नाय केला तर काय होता ता बघूचा हा ह्यांका. मगे मुंबयसून हंय कित्याक इलंस झिला? आमच्या घोवाक बघलं आसतंस तरी चलला आसता!"

घोव म्हणजे नवरा. आबोली हसून हसून पाण्यात बसली. ती भामकाकीची पुतणी, नवीन लग्न झालेली. त्या दिवसापासून मी गावाचा पिंजरेमास्तर झालो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर, माझ्या आयुष्यात मला कुणी प्रेमानं ठेवलेलं ते एकच नाव.

थंडी सरता सरता पिंजऱ्यांतलं चित्र पालटलं. बाहेरच्या तळावर जिकडेतिकडे ताटाएवढे खळगे पडलेले असत, आणि त्यांच्या कडेला कवचांचा चुरा. बायका त्यांना 'वागळेची ताटां' म्हणत. भरतीबरोबर वागळी येत, पंख फडफडवून वाळू उडवत, आणि दाढांखाली तिसऱ्या फोडत. तशा त्या पूर्वीही यायच्या. पण आता ताटाला ताट लागलं होतं. जाळ्याखाली हात घातला की मात्र बोटांना तिसऱ्याच तिसऱ्या लागत. नळ्यांमध्ये राहणारे किडे, नखाएवढ्या कुर्ल्या, एकमेकांत पाय अडकवून बसलेले बारीक तारामासे. हात बाहेर काढावासा वाटत नसे. बिनजाळ्याच्या चौकटीत बाहेरच्यासारखंच ओसाड. दोन्हीकडे चिखल तोच, पाणी तेच. फरक फक्त तोंडांचा होता.

एक पिंजरा मात्र वेगळा निघाला. त्यात तिसऱ्यांची कवचं होती, पण रिकामी. प्रत्येकीच्या पाठीला सुईनं टोचावं तसं गोल भोक. आत बोटभर लांबीचे शंख माजले होते. ते भोक पाडून आतलं मांस शोषून घेतात. एरवी हे शंखही वागळी फोडून खाते. मीच जाळं बांधून त्यांना संरक्षण दिलं होतं.

हे सगळं माझ्या डोक्यात हळूहळू जुळत होतं. पण सर म्हणत, पावसाळ्याआधी पिंजरे हलवू नकोस, शेवटचं मोजमाप होईपर्यंत तोंड उघडू नकोस. मला तो सल्ला मुळीच जड नव्हता.

पुनवेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं खळ्यात बसलो होतो. तांडेल तंबाखू मळत होता. भामकाकी हंडा चिंचेनं घासत होती.

"भरतलो उद्या?" तांडेलानं विचारलं.

"भरलो तर जेवशात, नाय भरलो तर रापण वडशात," ती मान वर न करता म्हणाली. "तुमका काय, दोनय हात तुपात."

"मी रापणीचो तांडेल हंय. घोव घरात."

"घरात तरी खंय?"

तांडेल हसला नाही. तिच्या हातांचा वेग बघून मला कळलं की तिलाही हसायचं नव्हतं. हंड्याचा एकच भाग ती केव्हापासून घासत होती. मी तोंड उघडलं तेव्हा माझं मलाच आश्चर्य वाटलं.

"तळ मेलेला नाही, असं मला वाटतं," मी म्हणालो.

दोघंही माझ्याकडे बघू लागली. मग मला सांगणं भागच पडलं. मी अडखळत, चष्मा काढत घालत सांगितलं. जाळ्याखाली तिसऱ्या आहेत. बाहेर नाहीत, कारण वागळी फार झाल्यात. वागळी फार झाल्यात, कारण त्यांना खाणारं फारसं उरलेलं नाही.

तांडेलाचा अंगठा तळहातावर थांबला.

"म्हंजे आमी मोरी मारली म्हणान माजे बायलेच्यो तिसऱ्यो गेल्यो?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हंजे?"

"म्हणजे पिंजरे पावसापर्यंत राहिले तर जास्त खात्रीनं सांगता येईल. कदाचित दुसरंही काही कारण असेल."

"मगे सोपा हा," तो म्हणाला. "पुनव झाली काय सगळी रापण वागळेंवर घालूया. एकय ठेवूची नाय."

"नको, तसं नको," मी घाईघाईनं म्हणालो आणि त्याला भोकं पडलेल्या कवचांबद्दल सांगितलं. वागळी अजिबात नसल्या तर शंख माजतात.

तांडेलानं तंबाखू तशीच खाली टाकली. "मास्तरांनू, मारूचा तरी कोणाक, ता एकदा सांगा!"

भामकाकीला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाशी धरला. "ह्यांका कोणाक तरी मारूक होयाच!"

"मोऱ्या पिलं घालायला खाडीच्या तोंडाशी येतात," मी म्हणालो. "तेवढे दिवस तरी तिथं गळ टाकू नका. म्हणजे टाकला नाही तर... बघता येईल."

तांडेल उठला. उभा राहिला की तो फार उंच वाटायचा.

"माज्या आज्यान थंय गळ टाकलो. बापाशीन टाकलो. पुंडलिकाच्या घरात चूल पेटता ती त्या तेलार. तुमी आज इलात, उद्या जाशात." तो पायऱ्या उतरला, मग थांबला. "उद्या हंडो भरलो नाय तर तळ रापणीचो. मी घोव म्हणान सोडूचंय नाय."

तो माडांमधून दिसेनासा झाला.

"मी जास्त बोललो का, काकी?"

"तू?" ती हंडा उपडा करत म्हणाली. "बोललंस खंय? घसो साफ केलंस फकत." आणि थोड्या वेळानं, वेगळ्याच आवाजात, "तुजे पिंजरे कितीशे दिवस होये अजून?"

"पावसापर्यंत."

तिनं मान हलवली. हंडा उचलून ती आत गेली.

उजाडताना आम्ही तळावर होतो. पुनवेची सुकती पाणी लांबवर ओढून नेते; एरवी कधी न दिसणारी वाळूची पाठ उघडी पडली होती. गावातली चालू शकणारी प्रत्येक बाई आली होती. ओळीनं वाकून त्या पुढं सरकत होत्या. कुणी गात नव्हतं, कुणी थट्टा करत नव्हतं. पाट्या हंड्यात रित्या होत, आणि दर वेळी भामकाकी आत डोकावून बघे. त्यांनी वागळींची ताटं दोनदा दोनदा उकरली. हंडा अर्धा भरला आणि अर्ध्यावरच राहिला.

मी माझ्या चौकटींपाशी उभा होतो. बायकांची ओळ जवळ आली, दुभंगली, पिंजऱ्यांना वळसा घालून पलीकडे पुन्हा जुळली. दुसऱ्याच्या पेरलेल्या वाफ्यात पाय पडू नये म्हणून लुगडं आवरून जावं, तशी भामकाकी माझ्या पिंजऱ्यांजवळून गेली. तिनं तिकडे नजरसुद्धा टाकली नाही. तिनं मागितलं असतं तर मी कदाचित आढेवेढे घेतले असते. सरांना विचारतो म्हणालो असतो.

"काकी," आबोली लांबून म्हणाली, "पाणी फिरला."

माझ्या घोट्यांना ते जाणवत होतं. भामकाकी सरळ उभी राहिली. हंड्याकडे नाही, तळाकडे बघत राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, घर सोडताना माणूस खोल्या बघतो तसं.

मी वाकलो आणि पहिल्या पिंजऱ्याची गाठ सोडू लागलो. ती भिजून घट्ट झाली होती. दातांनी ओढावी लागली.

"झिला! काय करतंस?"

"सोडतोय."

"अरे, तुज्या परीक्षेचा मा ता?"

"हो."

ती पाणी तुडवत माझ्यापाशी आली आणि तिनं माझं मनगट धरलं. "माका नको तुजा. दुसऱ्याचा हाडून देवचाराक घालूचा नाय."

"यात माझं काय आहे?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. तो मला ओळखू येत नव्हता. "मी काही पेरलं नाही, काही आणून टाकलं नाही. इथल्याच आहेत या. मी फक्त झाकून ठेवल्या होत्या."

"देवचारापासून लपवून चलाचा नाय."

"लपवू नका. सगळ्यांना सांगा."

ती माझ्याकडे बघत राहिली. पाणी आमच्या पिंढऱ्यांपर्यंत आलं होतं. मग तिनं माझं मनगट सोडलं आणि अशी हाक घातली की पलीकडच्या किनाऱ्यावरचे बगळे उठले.

"गो आबोले! सगळ्यो हंय येवा! हात चलवा गो!"

पुढचा थोडा वेळ मला नीट आठवत नाही. चहूकडे गढूळ पाणी, बांगड्यांचे हात, कवचांचा खळखळाट. कुणीतरी हसायला लागलं आणि ते हसू सगळ्यांत पसरलं. मी एकामागून एक जाळी सोडत गेलो. कोणत्या पिंजऱ्यात किती होत्या हे मनात धरून ठेवायचा प्रयत्न केला, आणि दुसऱ्या पिंजऱ्यापाशीच तो सुटला. हंड्याच्या काठावरून दोन-तीन तिसऱ्या पाण्यात घरंगळल्या तेव्हा पाणी मांड्यांना लागलं होतं. बिनजाळ्याच्या चौकटी तेवढ्या जागच्या जागी उभ्या होत्या. त्यांना कुणी हात लावला नव्हता. त्यांत काहीच नव्हतं.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. गोष्ट सांगण्याची ही रीत नव्हे, पण मला रीत कधी जमली नाही. सरपोतदार सर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे तुझ्याजवळ आता नेमकं काय आहे?" मी म्हणालो, "सुरुवात आहे." पुढं मी दुसऱ्याच विषयावर, बाटल्यांत भरून आलेल्या समुद्रकिड्यांवर, प्रबंध लिहिला आणि एका लहान गावच्या कॉलेजात आयुष्यभर शिकवलं. मोरी, वागळी आणि तिसऱ्या यांची ती साखळी मी दरवर्षी फळ्यावर काढायचो आणि दरवर्षी तिच्या टोकाला प्रश्नचिन्ह टाकायचो. नंतर परदेशांतल्या लोकांनी असेच मोठमोठे अभ्यास केले. कुणी म्हणालं असंच घडतं, कुणी म्हणालं इतकं सरळ नसतं. दोन्ही मला पटतात. देवखोलचा तळ त्यानंतर पुष्कळ वर्षं बायकांकडेच होता, तिसऱ्याही परत आल्या, असं मी ऐकलं. त्या मोऱ्यांमुळे आल्या, की बंधाऱ्यामुळे, की आपल्या आपण, हे मला सांगता येणार नाही. भामकाकी गेली तेव्हा मला फार उशिरा कळलं. असो.

त्या सकाळी हंडा खांद्यांवरून उंडीच्या झाडाखाली आणला. तिथं देवचाराचा दगड आहे. पुरुष पुढं उभे होते, बायका मागं. अंगावरून पाणी गळत असलेला मी त्यांच्या मधे कुठंतरी. तांडेलानं हंड्यात बघितलं, मग माझ्या चिखलानं भरलेल्या हातांकडे.

"भरलो," पुंडलिक पुटपुटला. त्याच्या आवाजात आश्चर्य होतं.

"अर्ध्यो उघड्या तळावरच्यो हत," भामकाकी मागून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "अर्ध्यो पिंजऱ्यातल्यो. मास्तरान जाळी सोडल्यान. काढल्यो आमी, आमच्या हातान."

एकदम गलका झाला. "मगे खंय भरलो?" पुंडलिक म्हणाला. "खुराड्यातलो कोंबो हाडूचो आनि शिकार केलंय म्हणान सांगूचा?"

"कोंब्याक दाणे घालूचे लागतत, पुंडलिका!" भामकाकी उसळली. "हंय कोणी घातल्यान?"

"ता आमका कसा ठावक?"

"गाऱ्हाणा घालूक देशात काय नाय?" तांडेल दगडापुढं येत म्हणाला.

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढं गावाच्या वतीनं मोठ्यानं बोलायचं. एक माणूस बोलतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले पुरुष 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार देतात. होकार मिळालेलं वाक्य गावावर बंधनकारक. होकार मिळाला नाही तर ते वाक्य तिथंच पडतं, आणि बोलणाऱ्याची मान खाली जाते. बायका त्यात बोलत नाहीत.

तांडेलानं हात जोडले.

"बा देवचारा, खाडीच्या राजा, आज पुनवेच्या सुकतीक तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमली हत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वर्साचा रिवाज तसो बायलमाणसांनी तुजो हंडो हाडलो हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तो थांबला. भामकाकीच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता.

"तो भरलेलो हा म्हाराजा. तिसरी तुजीच, तळ तुजोच. जाळ्यान खाली काय घातला नाय, फकत खाणाऱ्याक आत सोडल्यान नाय म्हाराजा!"

होकार आला, पण विस्कळीत. काहींनी दिला, काहींनी गिळला. पुंडलिकाचे ओठ हलले नाहीत. तांडेलाच्या मानेवरची शीर फुगलेली मला दिसत होती.

"तळ मेलेलो नाय म्हाराजा. तळाक खाणारी वाडली. आनि तिका खाणारी आमी मारली. पिला टाकूक दारात इलेली बाळंतीण आमी दारातच मारली म्हाराजा. आमका ठावक नव्हता. आता ठावक झाला. हेच्या फुडे ती पिला घालीसर खाडीच्या तोंडार गळ पडाचो नाय म्हाराजा!"

कुणीच काही बोललं नाही.

उंडीची पानं तेवढी वाजत होती. पुरुष एकमेकांच्या खांद्यांकडे बघत होते. तांडेल हात जोडून तसाच उभा होता, पाठमोरा. त्याचं वाक्य त्याच्या पुढ्यात, पडण्याच्या बेतात. मागं बायका होत्या आणि त्यांना बोलता येत नव्हतं. मी पुरुष होतो, पण गावचा नव्हतो. आणि आता ठावक झाला असं तो म्हणाला होता, ते खरं नव्हतं. मला ठाऊक नव्हतं. ठाऊक व्हायची जी काही शक्यता होती ती सकाळी मी स्वतःच पाण्यात सोडून दिली होती. याला पुरावा म्हणत नाहीत, माझं मन सांगत होतं. आणि ते बरोबर सांगत होतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

आवाज फाटला. त्या शांततेत तो फार मोठा वाटला. कुणी हसलं नाही. पुंडलिकानं मान वळवून मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघितलं, माझ्या लेंग्यातून गळणाऱ्या पाण्यापर्यंत. मग त्यानं समोर तोंड केलं, हात पुन्हा नीट जोडले, आणि त्याच्या छातीतून तो होकार निघाला, त्याच्यामागोमाग बाकीच्यांचा.

तांडेलानं मागं वळून बघितलं नाही. तो पुढच्या वाक्याला लागला होता.